गुलाबाच्या पानांना गोल खाचा आणि दांडीच्या नळीत हिरवी विडी : काढू की राहू देऊ?

गच्चीतली_जाई (३ ऑक्टोबर, दुपारी २:१०)

नमस्कार मंडळी. दिवाळीची झाडलोट सुरू करायच्या आत एक निर्णय घ्यायचाय, म्हणून हा धागा.

आमच्या पुण्याच्या घराच्या गॅलरीत गुलाबाच्या चार कुंड्या आहेत. पंधरा दिवसांपासून पानांच्या कडेचे गोल गोल तुकडे गायब व्हायला लागले. अगदी कात्रीने कापल्यासारखे, कुठे कड फाटलेली नाही की पान कुरतडलेलं नाही. रात्री टॉर्च घेऊन अळी शोधली, सापडली नाही. नर्सरीत फोटो दाखवला तर त्यांनी लगेच औषधाची बाटली हातात ठेवली. ती अजून उघडलेली नाही.

काल दुपारी कपडे वाळत घालत होते. एक काळसर माशी, मधमाशीहून जराशी जाड, पोटाखाली हिरवा तुकडा कवटाळून आली आणि कपडे वाळत घालायच्या ॲल्युमिनियमच्या दांडीच्या उघड्या तोंडातून आत गेली. कान लावला तर आतून बारीक खसखस. मिनिटाभरात रिकामी बाहेर, पुन्हा गुलाबाकडे. मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं, नळीत आत पानांची घट्ट हिरवी विडी बसवलेली आहे.

सासूबाईंचं म्हणणं, दिवाळीला दांड्या खाली काढून धुवायच्याच. मला हात लावावासा वाटत नाही. ही माशी कोण? चावते का? आणि ते आतलं काढू की राहू देऊ?

बोरू (३ ऑक्टोबर, दुपारी २:३१)

जाईताई, बाटली उघडू नका आणि दांडी हलवू नका. सविस्तर रात्री लिहितो.

मीठभाकर (३ ऑक्टोबर, दुपारी ३:०५)

आमच्याकडे बोगनवेलीच्या पानांचं असंच झालं होतं. मी समजत होतो गोगलगाय.

बोरू (३ ऑक्टोबर, रात्री १०:४८)

ही पानं कापणारी एकांडी माशी. शास्त्रीय नाव मेगाकायली. जगात हिच्या दीड हजाराच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याकडेही आहेत. मधमाश्यांचीच चुलत बहीण, पण हिचं पोळं नसतं, राणी नसते, कामकरी नसतात. प्रत्येक मादी स्वतःचं घर स्वतः बांधते, स्वतः भरते आणि स्वतःच बंद करते. मध साठवत नाही, त्यामुळे राखण करायला अंगावर येत नाही. चिमटीत दाबलीत तरच डंख मारेल, तोही आग्यासारखा नव्हे.

पान ती खात नाही, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. पान हे तिचं बांधकामाचं सामान. नळीच्या तळाशी लांबट तुकडे एकावर एक चढवून ती अंगठ्याच्या पेराएवढी कुपी बनवते. फुलांचे परागकण पोटाखालच्या केसांत भरून आणते (मधमाशी पायांवर आणते, ही पोटाखाली, म्हणून पोट पिवळं दिसतं), त्यात मकरंद कालवते आणि कुपी अर्ध्याहून जास्त भरते. त्या लगद्यावर एकच अंडं घालते. मग अगदी गोल तुकडे कापून आणते आणि झाकण लावते. एकावर एक तीन-चार झाकणं. त्या झाकणाला टेकून पुढची कुपी. अशी रांग दांडीच्या तोंडापर्यंत. म्हणजे तुमच्या गुलाबावर दोन आकारांच्या खाचा असतील बघा, लांबट त्या भिंतीसाठी आणि गोल त्या झाकणासाठी.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. अंडं फळवायचं की नाही हे मादी ठरवू शकते. फळवलेल्या अंड्यातून मादी होते, न फळवलेल्यातून नर. ती आतल्या बाजूला माद्यांची अंडी घालते आणि तोंडाजवळ नरांची. नर आधी तयार होतात, आधी बाहेर पडतात, आणि मागच्या बहिणींची वाट मोकळी होते.

नर्सरीच्या बाटलीबद्दल. पान ती गिळतच नाही, त्यामुळे फवारून कापणं थांबत नाही. फवारा अंगावर बसला तर मरते मात्र, आणि विषारी पान पिल्लाच्या कुपीला गुंडाळलं जातं ते वेगळंच.

गच्चीतली_जाई (४ ऑक्टोबर, सकाळी ७:१५)

आत्ता चहा घेऊन बघून आले. दोन्ही आकार आहेत! इतके दिवस मला सगळ्या खाचा सारख्याच वाटत होत्या.

तेंदूपान (४ ऑक्टोबर, सकाळी ११:२०)

धाग्याच्या नावातला 'विडी' शब्द वाचून आत आले. मी सोलापूरची. आई विड्या वळायची. सुपात तेंदूची भिजवलेली पानं, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि कात्रीने फर्म्याच्या कडेकडेने कापायचं. पानाची मोठी शीर टाळायची, नाहीतर विडी वळताना तडकते. आई दिवसाला हजार विड्या करायची, तरी एखादा तुकडा वाकडा जायचाच.

गेल्या वर्षी आमच्या दारातल्या आपट्यावर ही माशी काम करताना मी वीतभर अंतरावरून पाहिली. पानाची कड सहा पायांत धरून बसली आणि जबड्याने कापत स्वतःभोवतीच वळत गेली. फर्मा नाही, खूण नाही. तिचं स्वतःचं अंगच कर्कटक. शेवटचा धागा तुटायच्या आधी पंख सुरू केले, त्यामुळे तुकडा सुटला तेव्हा ती खाली पडली नाही, तुकड्यासकट हवेतच होती. दहा सेकंदसुद्धा लागली नसतील. आणि शीर तिनेही टाळली होती. मला आईच आठवली.

नानबा (४ ऑक्टोबर, सकाळी ११:४२)

आपट्यावर? म्हणजे दसऱ्याला आपल्या आधी सोनं लुटून मोकळी :)

शब्दकुतूहल (४ ऑक्टोबर, दुपारी १:००)

हिला मराठीत काय म्हणायचं? 'पर्णकर्तक मधमाशी' वाचलंय, पण ते तोंडात बसत नाही.

नानबा (४ ऑक्टोबर, दुपारी १:०९)

पानकातरी.

बोरू (४ ऑक्टोबर, दुपारी १:३०)

पानकातरी चांगलं आहे. फक्त एक अडचण, याच कुळातल्या सगळ्या पानं कापत नाहीत. काही माती वापरतात, काही झाडांचा डिंक-राळ. आपल्याकडची मेगाकायली लॅनाटा, छातीवर तांबूस लव असलेली, घरातल्या भिंतीच्या भोकांत आणि खिडकीच्या खाचांत मातीनं घर करते. लोक तिला कुंभारीण समजतात.

शब्दकुतूहल (४ ऑक्टोबर, दुपारी १:४१)

पण कुंभारीण तर अळ्या आणि कोळी भरते ना घरात?

बोरू (४ ऑक्टोबर, दुपारी १:५०)

बरोबर. कुंभारीण ही गांधीलमाशीच्या बाजूची, पिल्लांना शिकार पुरवते. ही शाकाहारी, फक्त पराग आणि मकरंद. जुनं मातीचं घर फुटलं की आत बघा. कोळ्यांचे सांगाडे असतील तर कुंभारीण, वाळलेली पिवळी पूड असेल तर ही.

गुलकंद (४ ऑक्टोबर, रात्री ८:१२)

सगळ्यांचं कौतुक वाचलं, पण माझी बाजूही ऐका. मी वीस वर्षं गुलाब लावतोय, प्रदर्शनात ठेवतो. तिथे फुलाबरोबर पानंही बघतात. एका कलमावर बारा-पंधरा पानांना भोकं पडली की ते झाड त्या वर्षी बाद. वर्षभराची मेहनत असते हो. "राहू द्या" म्हणणं सोपं आहे. नवं कलम असेल, त्याला मोजून दहा पानं असतील, तर हे नुकसानच आहे.

तेंदूपान (४ ऑक्टोबर, रात्री ८:४०)

काका, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण मोठ्या झाडाला काही फरक पडत नाही ना?

बोरू (४ ऑक्टोबर, रात्री ९:०५)

गुलकंदकाका, छोट्या कलमाचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. त्याला उपाय औषध नव्हे, जाळी. प्रदर्शनाच्या झाडांवर पातळ मच्छरदाणीचं कापड टाका, बाकी दोन-तीन झाडं तिच्यासाठी उघडी ठेवा. तिला बहुतेक पातळ, मऊ पान लागतं. गुलाब, बोगनवेल, आपटा, कांचन, तूर. अंगणात कांचन असेल तर गुलाबावरचा भार आपोआप वाटला जातो. नर्सरीतल्या गुलाबापेक्षा कांचनाचं पान तिला परवडतंही, एका पानात चार-चार तुकडे निघतात.

गुलकंद (४ ऑक्टोबर, रात्री ९:२२)

जाळी करून बघतो. कांचन सोसायटीच्या कुंपणाला आहे, आजवर त्याच्या पानांकडे पाहिलं नव्हतं.

काळी_माती (५ ऑक्टोबर, सकाळी ६:३०)

जालना जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडं ही माशी तुरीवर लई असते. तुरीचं फूल दाबून उघडावं लागतं, हलक्या किड्याचं काम नाही. ही बसली की फुलाची खालची पाकळी खाली जाते आणि केसर वर येऊन तिच्या पोटाला घासतं. दहा-साडेदहाला ऊन तापलं की कामाला लागते ती तीन-चारपर्यंत. आणि त्याच तुरीचं पान कापून त्याच बांधावरच्या एरंडाच्या पोकळ काडीत घर.

तूर स्वतःच्या परागावरही धरते, पण माश्या एका झाडावरून दुसऱ्यावर पराग नेतातच. म्हणून तर बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या वाणापासून लांब ठेवायला सांगतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं १९९१ साली तुरीचा पहिला संकरित वाण काढला, आयसीपीएच ८. पुढं जे संकरित आले त्यांचं बियाणं करताना मादी ओळीच्या झाडाला, म्हणजे ज्यावर बी धरायचं त्याला, स्वतःचा पराग नसतोच. तिथं शेंग धरते ती माशीनं पराग आणला तरच. शेतात हातानं कोण करणार एवढी फुलं? तिथं आग्या मोहोळाच्या माश्या आणि ह्या पानकातऱ्याच काम करतात.

आमची चूक सांगतो. तीन वर्षांमागं फुलोऱ्यात घाटेअळी दिसली आणि घाबरून भर दुपारी बारा वाजता फवारणी घेतली. संध्याकाळी ओळीत चालताना ह्या माश्या खाली पडलेल्या, काहींच्या पोटाखाली पिवळा पराग तसाच. तेव्हापासून आधी शेंगा-कळ्या मोजतो, लागलीच तर निंबोळी अर्कापासून सुरुवात, आणि कुठलीही फवारणी सूर्य कलल्यावरच. बांधावरचा एरंड पण आता जाळत नाही.

मीठभाकर (५ ऑक्टोबर, सकाळी ७:०२)

पोटाखाली पराग तसाच, हे वाचून थांबलो.

प्रेअरीकर (५ ऑक्टोबर, रात्री ११:३०)

मी मूळचा नगर जिल्ह्यातला, आता कॅनडात, अल्बर्टात ब्रूक्सजवळ बियाण्यांच्या कामात आहे. इथे ही माशी म्हणजे पाळीव जनावर. तुम्ही एका दांडीची काळजी करताय, आम्ही लाखोंनी सांभाळतो, म्हणून थोडं लिहितो.

इथलं पीक आपलीच लसूणघास, अल्फाल्फा, पण चाऱ्याबरोबर बियाण्यासाठीही. तिच्या फुलात केसरदांडा पाकळ्यांत दाबून धरलेला असतो. कीटक आत शिरला की तो फाटकन सुटतो आणि कीटकाच्या डोक्यावर बसतो. मधमाशीला हा टोला आवडत नाही. दोन-चारदा खाल्ला की ती पाकळीच्या बाजूने सोंड घालून नुसता मकरंद पळवायला शिकते. बी धरत नाही. मेगाकायली रोटुंडाटा नावाची पानकातरी मात्र टोला खात खात फुलामागून फूल उघडत जाते. ही मूळची युरोप-आशियाकडची, उत्तर अमेरिकेत चुकून आली, आणि १९६०च्या दशकापासून कॅनडात रीतसर पाळली जाते. अल्फाल्फाशिवाय संकरित कॅनोलाच्या (मोहरीच्या जातकुळीतलं तेलाचं पीक) बियाण्यालाही वापरतात.

वर्षाचं चक्र असं. उन्हाळ्यात शेतात तंबूसारखे निवारे उभे करायचे, त्यात थर्मोकोलसारख्या पाट्या, प्रत्येकीत हजारो बारीक भोकं. एकरी वीस हजाराच्या आसपास माश्या सोडतात. हंगाम संपला की पाट्यांतून कुप्या यंत्राने ढकलून बाहेर काढायच्या, चाळायच्या, मोडका पालापाचोळा वेगळा करायचा. हिवाळाभर पाच अंशांच्या थंडीत. आत अळी पूर्ण वाढून कोष विणून झोपलेली असते. फुलोऱ्याच्या तीन आठवडे आधी तीस अंशांवर उबवायला ठेवायच्या. अठराव्या-एकोणिसाव्या दिवसाला नर, दोन-तीन दिवसांनी माद्या. मध्येच पाऊस-थंडी आली तर तापमान उतरवून त्यांना थोपवून धरतो. विक्री गॅलनवर, एका गॅलनात साधारण दहा हजार.

आणि खरेदीआधी कुप्यांचा नमुना एक्स-रे मशिनखाली घालतात! मला पहिल्यांदा ते चित्र दाखवलं तेव्हा मी खुर्ची ओढून बसलोच. एकेका कुपीत वाकून झोपलेली अळी दिसते. कुठे नुसता न खाल्लेला परागाचा गोळा, कुठे परजीवी गांधीलमाशीची पिल्लं दाटीवाटीने. एक बुरशी आहे, खडूबुरशी म्हणू, तिने मेलेली अळी खडूच्या कांडीसारखी टणक होते. ती कुपी बाकीच्यांत राहिली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माशीच्या केसांना बीजाणू लागतात.

नानबा (६ ऑक्टोबर, सकाळी ९:१५)

एक्स-रे! मग ही रोटुंडाटा आपल्याकडे आणून तुरीवर सोडता येणार नाही का?

प्रेअरीकर (६ ऑक्टोबर, रात्री १०:०२)

नको. परदेशी कीटक परवान्याशिवाय आणता येत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर रोगही येतात. काळी_माती दादांच्या बांधावर ज्या आहेत त्या तुरीला सरावलेल्या, आपल्या पावसाला सरावलेल्या. त्यांना एरंडाच्या काड्या द्या, पुष्कळ झालं.

घरटं_ठाणे (६ ऑक्टोबर, रात्री १०:४०)

इथे माझा अनुभव सांगते, कारण कुणीतरी आता 'बी हॉटेल' विकत घ्यायला निघेल. मी घेतलं होतं. छान रंगवलेलं लाकडी घर, आत बांबू, वर काच, एका भागात पाइन कोन. पहिल्या वर्षी सात नळ्या भरल्या, मी भलती खूश. दुसऱ्या वर्षी बाहेर आल्या त्या निम्म्याहून जास्त बारीक परजीवी गांधीलमाश्या. शिवाय टोकदार शेपटीची एक काळी माशी सारखी घिरट्या घालायची. तिसऱ्या पावसाळ्यात आत हिरवी बुरशी, वास मारायला लागला. सगळ्यांना एकाच दारात आणून मी त्यांच्या शत्रूंची सोय केली होती, आणि साफसफाई मात्र कधीच केली नव्हती.

बोरू (६ ऑक्टोबर, रात्री ११:१५)

ती टोकदार शेपटीची म्हणजे सीलिऑक्सिस. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते तशी ही. शेपटीच्या टोकाने पानाच्या कुपीत अंडं सरकवते. तिच्या पिल्लाचे जबडे विळ्यासारखे, ते यजमानाचं अंडं किंवा अळी मारतं आणि पराग खाऊन मोठं होतं.

घरटं ठेवायचंच असेल तर मी काय करतो ते सांगतो. बांबूपेक्षा बोरू बरा, माझं इथलं नावही त्यावरूनच आहे. लेखणीचा तो बोरू, आतून पोकळ, पातळ भिंतीचा, हवा खेळते, पाणी धरत नाही. प्लॅस्टिकची स्ट्रॉ किंवा काचेची नळी अजिबात नको, आत घाम धरतो आणि पराग सडतो. पेराच्या मागे कापायचं, म्हणजे एक टोक आपोआप बंद. आतलं भोक सहा ते दहा मिलिमीटर, सगळी एका मापाची नकोत. लांबी निदान वीतभर. आखूड नळीत आतली जागा कमी, मग ती नरच जास्त घालते, आणि पुढच्या वर्षी घर करायला माद्याच उरत नाहीत. तोंड पॉलिश पेपरने घासायचं, कुसळ राहिलं तर पंख फाटतात. पंधरा-वीस नळ्यांची एकच मोळी, पूर्वेकडे तोंड, वर पत्रा, आणि घट्ट बांधलेली. वाऱ्याने झुलणाऱ्या घरात ती बसत नाही. तारेला मुंग्यांसाठी ग्रीस. माश्या निघून गेल्या की ती नळी जाळायची, नवी लावायची. मोठं हॉटेल बांधण्यापेक्षा अशा दोन मोळ्या घराच्या दोन टोकांना बऱ्या.

घरटं_ठाणे (६ ऑक्टोबर, रात्री ११:३०)

नर-मादीचं लांबीवर असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या हॉटेलातल्या नळ्या बोटाएवढ्या होत्या.

भटकी_डायरी (७ ऑक्टोबर, दुपारी १२:१०)

थोडं विषय सोडून. याच कुळात, मधमाश्यांच्या सगळ्या गोतावळ्यातली जगातली सगळ्यात मोठी माशी आहे, मेगाकायली प्लूटो. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसला १८५८ मध्ये इंडोनेशियाच्या बाचान बेटावर मिळाली. मादी जवळजवळ चार सेंटिमीटर लांब. त्यानंतर इतकी वर्षं दिसली नाही की ती संपली असंच लोक धरून चालले. १९८१ मध्ये पुन्हा सापडली, आणि जिवंत माशीचा फोटो मिळाला तो थेट २०१९ मध्ये. झाडावरच्या वाळवीच्या वारुळात राळ लावून घर करते.

नानबा (७ ऑक्टोबर, दुपारी १२:२२)

चार सेंटिमीटर! तिने जाईताईंच्या दांडीत घर केलं असतं तर दांडीच बदलावी लागली असती :)

गच्चीतली_जाई (९ ऑक्टोबर, सकाळी १०:००)

सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई शेवटपर्यंत ऐकत बसल्या होत्या. आता प्रश्न एवढाच: दांडी ॲल्युमिनियमची, दुपारी हात लावला तर चटका बसतो. आत पिल्लं भाजणार नाहीत? नळी काढून सावलीत ठेवू का?

बोरू (९ ऑक्टोबर, सकाळी १०:२५)

हलवू नका. अंडं परागाच्या लगद्यावर नुसतं टेकलेलं असतं, धक्क्याने उलटलं तर अळी जगत नाही. त्या टोकावर गोणपाट दुहेरी गुंडाळा, तोंड उघडं ठेवून. पाणी मारू नका. ओल म्हणजे बुरशी.

गच्चीतली_जाई (९ ऑक्टोबर, सकाळी ११:४०)

गोणपाट सासूबाईंनीच काढून दिलं, सुतळीने बांधलंही त्यांनीच. ती दांडी सोडून बाकी तीन खाली काढल्या. माशी अजून येते आहे. आज तोंडाशी एकामागून एक गोल तुकडे ठेचून बसवत होती, मी सात मोजले.

बोरू (९ ऑक्टोबर, सकाळी ११:५२)

मग नळी भरली. ते शेवटचं दार. आता तारीख लिहून ठेवा.

काळी_माती (२ नोव्हेंबर, रात्री ९:००)

तूर फुलावर आली. यंदा बांधावर एरंडाच्या काड्यांच्या सहा मोळ्या बांधल्यात, वीतभर लांब, बोरूभाऊंनी सांगितल्यासारख्या. दोन मोळ्यांत हिरवं दिसायला लागलं.

गच्चीतली_जाई (१७ नोव्हेंबर, सकाळी ९:३५)

एकोणचाळिसावा दिवस. सकाळी गॅलरीत गेले तर दांडीच्या तोंडाचं वाळकं झाकण आतून गोल कापलेलं. गोणपाटाच्या कडेला एक माशी ऊन खात बसली होती, नवी कोरी, तोंडावर पांढरट दाट लव. पंख दोन-तीनदा पुसले आणि उडाली. तिच्यामागे अर्ध्या तासात आणखी दोन. तिघांच्याही तोंडावर तीच लव. हे नरच ना?

बोरू (१७ नोव्हेंबर, सकाळी ९:४८)

दाट पांढऱ्या मिशा असतील तर बहुतेक नरच. बहिणी मागे आहेत. दोन-तीन दिवस तिथे कपडे वाळत घालू नका.

गच्चीतली_जाई (१९ नोव्हेंबर, दुपारी १२:५०)

आज चार माद्या निघाल्या. एकूण सात. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांनीच मोजल्या. एक मादी निघून थेट गुलाबाच्या दुसऱ्या कुंडीवर गेली.

रिकामी झाल्यावर दांडी काढली आणि आतली विडी वर्तमानपत्रावर उलगडली. एका कुपीला लांबट तुकडे नऊ, गोल तीन. आतून तपकिरी कागदासारखा कोष, त्याला चिकटलेले विष्ठेचे बारीक दाणे. पानं वाळून विटकरी झाली होती, पण एका तुकड्यावर गुलाबाच्या पानाची दातेरी कड अजून शाबूत होती. दांडी धुऊन परत लावली आहे, तोंड उघडं ठेवून. शेजारी बोरूच्या पंधरा नळ्या बांधल्या. आणि गुलकंदकाका, तुमच्या जाळीचं काय झालं?

गुलकंद (१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५)

जाळी लागली, तीन कलमं वाचली. कुंपणाच्या कांचनावर खाचा दिसताहेत, रोज संध्याकाळी फेरी मारताना बघतो. सोसायटीचा माळी तो कांचन छाटायला निघाला होता, त्याला मार्चपर्यंत थांबायला सांगितलंय.